कॅप्टन, तुमचा म्हातारा आणि आपलं भांडण

कॅप्टन, तुम्हाला जाऊन चार दिवस होत नाहीत तोच आपल्या सिंगापूरच्या मराठी मंडळात भांडण लागलं. कशावरून, तर तुमच्यावरून. तुमची शोकसभा कुणी घ्यायची आणि कुठे घ्यायची यावरून. टॅम्पिनीसवाले म्हणाले, कॅप्टन आमच्या ब्लॉकमध्ये राहायचे, सभा आमच्याकडे. यिशुनवाले म्हणाले, मंडळाचे अध्यक्ष साठे यिशुनचे, म्हणजे सभा यिशुनला. दोघांनीही रविवार संध्याकाळच धरली आणि एकमेकांना न विचारता हॉलही ठरवून टाकले. व्हॉट्सॲपवरच्या आपल्या एका ग्रुपचे दोन ग्रुप झाले. एकावर तुमचा टोपी घातलेला फोटो, दुसऱ्यावर बिनटोपीचा. दोन्हींत तुम्ही सारखेच खट्याळ हसताय.

तुम्ही हे बघायला असतात तर पोट धरून हसला असतात. मला मात्र हसू येईना. साठ्यांच्या हाती मंडळ देऊन तुम्ही बाजूला झालात त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडत आले होते. मी म्हणायचे, तुम्ही जोडलंत, तर तुम्हीच धरून ठेवा. तुम्ही हात सोडलात की हे फुटणार. तुम्ही म्हणायचात, नाही फुटणार. आता तुम्ही खरोखरच हात सोडलात आणि ते फुटायला लागलं होतं. म्हणजे मी जिंकत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादा वाद मी हरावा असं मला मनापासून वाटत होतं.

आपली पहिली भेट आठवते? आम्ही टॅम्पिनीसला नवीन होतो. माझ्या नवऱ्याची, महेशची, वन-नॉर्थ भागातली नोकरी, माझी शहरात बँकेतली, लेक ईशा पहिलीत. लिफ्टमध्ये मी फोनवर आईजवळ रडगाणं गात होते की एवढ्या मोठ्या गावात मला काळं कुत्रंही विचारत नाही. कोपऱ्यात उभा असलेला एक उंच, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाला, "मी विचारतो की. काय, बरं आहे ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचा मजला आला, तुम्ही उतरलात आणि लिफ्टचं दार पायाने अडवून उभे राहिलात. "कुठल्या? पुण्याच्या? जेवलात? आमच्याकडे आज अळूचं फदफदं आहे." लिफ्ट किंचाळत होती, खाली लोक खोळंबले असणार, आणि तुम्हाला त्याचं काही नव्हतं. त्या दिवशी मी अनोळखी घरात अळूचं फदफदं आणि भात जेवले, आणि त्यानंतर आईजवळ ते रडगाणं कधी गायले नाही.

तुमच्या बैठकीत भिंतीवर एका माणसाचं चित्र होतं. लाल सदरा, दाढी, डोळ्यांत कसलीशी घाई. मला वाटलं, काकूंच्या माहेरचे कुणी. काकू आतून म्हणाल्या, "नवऱ्याचा नवरा आहे तो माझ्या." मग तुम्ही सांगितलंत की हा म्हातारा. नाव विचारलं तर म्हणालात, नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, तिथे वाच. जहाजावर कप्तानाला खलाशी नावाने हाक मारत नाहीत, त्याच्या पाठीमागे म्हातारा म्हणतात. तुकड्यातुकड्यांची इटली एक करणारा म्हातारा. तरुणपणी तुमचं जहाज इटलीच्या बंदराला लागलं आणि तुम्ही गावात हिंडायला गेलात तेव्हा चौकात तो घोड्यावर बसलेला दिसला. शाळेत तुम्ही त्याला सेनापती म्हणून घोकला होता. तिथे एका गोदी कामगाराने सांगितलं की हा आधी खलाशी, मग सेनापती. तुम्ही अजून चिडून सांगायचात, "पुस्तकवाल्यांनी मला फसवलं. घोडा दाखवला, जहाज लपवलं!"

त्याच्या गोष्टी तुम्ही कशा सांगायचात, कॅप्टन! सनावळी शून्य. बंड फसलं, फाशीची शिक्षा झाली, मग हा पठ्ठ्या समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत पळाला, तिथेही दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढला, तिथेच त्याला घोड्यावर त्याच्यापेक्षा चांगली बसणारी बायको मिळाली. लाल सदऱ्यांची गोष्ट तर तुमची फार लाडकी. ते सदरे म्हणे खाटीकखान्यातल्या कामगारांसाठी शिवले होते, पडून राहिले होते, याने स्वस्तात उचलले आणि फौजेला घातले. "गणवेश असा असतो," तुम्ही म्हणायचात, "मिळेल तो घालायचा आणि मग असं वागायचं की जगाला वाटावं, मुद्दाम शिवून घेतलाय." एकदा तो मालाचं जहाज घेऊन चीनपर्यंत गेला होता, एवढं खरं. पण जाता-येता तो सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून गेला असणारच, हे तुमचं टुमणं. पुरावा मागितला की तुम्ही खिडकीतून पूर्वेकडे बोट दाखवायचात. हा काही पुरावा नव्हे, हे मी आजही म्हणते.

ईशा तुमच्या मांडीजवळ बसून हे ऐकायची. राजाने दिलेल्या पदव्या आणि इनामं नाकारून, बियाण्याची एक थैली घेऊन म्हातारा आपल्या खडकाळ बेटावर शेती करायला निघून गेला, हे ऐकल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "बट आजोबा, ही विन ऑलरेडी, व्हाय गिव्ह अवे? सो ब्लर, लाह!" शाळेतून उचललेलं तिचं ते ब्लर, म्हणजे बावळट. तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या आईलाही हेच वाटतं. दोघी मिळून मला छळा." तेव्हा ते खरं नव्हतं. पुढे खरं झालं.

पुढे म्हणजे नाटकाच्या वर्षी. मंडळ तेव्हा फुटलेलं होतं आणि फुटण्याचं कारण आठवलं तरी आज हसू येतं. गणपती तिथीला बसवायचा की जवळच्या शनिवारी? टॅम्पिनीस तिथीवाले, यिशुन शनिवारवाले. आम्ही त्यांना म्हणायचो, देवाला काय ऑफिसातून सुट्टी मिळेल तेव्हा बोलावणार? ते आम्हाला म्हणायचे, तुमच्या आरतीला माणसं किती असतात, मोजा. दोन्ही बाजूंचं खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. दोन मूर्ती, दोन आरत्या, दोन महाप्रसाद. पुण्याहून मूर्ती विमानात हातात घेऊन आणणारे बिचारे दोन-दोन मूर्ती सांभाळत बसायचे. तुम्ही एका गटाला म्हणालात, दुसऱ्यालाही म्हणालात, की जहाजावर तारखेची रेषा ओलांडताना मी एका आठवड्यात दोन मंगळवार पाहिलेत आणि एक शनिवार पार नाहीसा झालेला पाहिलाय, तेव्हा वारांचं मला सांगू नका. कुणी ऐकलं नाही.

मग तुम्ही नाटक काढलंत. नाटक कसलं, तुमचं भाषणच ते. मधेमधे इतरांच्या तोंडी वाक्यं घातली होती एवढंच. म्हातारा हजार स्वयंसेवक दोन बोटींत घालून सिसिलीवर उतरतो, तो प्रसंग. हजारासाठी निदान वीसेक तरी माणसं हवीत, आणि टॅम्पिनीसकडे धड डझनभर पुरुष नव्हते. यिशुनकडेही नव्हते. तुम्ही काकूंच्या चकल्यांचा डबा घेऊन एमआरटी मेट्रोने साठ्यांकडे गेलात आणि म्हणालात, राजाची भूमिका आहे, तुमच्या मिशांशिवाय होणार नाही. साठे एका बँकेत मोठे मॅनेजर, भारदस्त आवाज, मनातून आयुष्यभर राजा व्हायची इच्छा. विरघळले. परत येऊन आम्हाला सांगितलंत, फौज अपुरी आहे, यिशुनची कुमक घ्यावी लागेल. आम्हीही विरघळलो. फौजेत भरती करताना तुम्ही तुमच्या म्हाताऱ्यासारखंच बजावलंत की चहा मिळणार नाही, खाणं मिळणार नाही, मी ओरडणार आणि शेवटी सगळ्यांना मरायचंय. कुणीही मागे हटलं नाही. चहा असता तर लोक उशिरा आले असते, असं तुमचं म्हणणं.

तालमी आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत व्हायच्या. बाजूच्या दगडी टेबलावर बुद्धिबळ खेळणारे चिनी अंकल डाव सोडून बघत बसायचे आणि कुणी मेलं की टाळ्या वाजवायचे. तेवढ्यासाठी कुलकर्णी तीन-तीनदा मरायचा. मला तुम्ही म्हाताऱ्याची बायको केलंत. घोडदौड, बंदूक, सगळं होतं, पण पहिल्याच अंकात, सिसिलीच्या कितीतरी आधी, मरायचं होतं, म्हणून उरलेला वेळ प्रॉम्प्टर. लाल सदऱ्यांचा प्रश्न तर सुटल्यातच जमा होता. नुकताच नॅशनल डे होऊन गेला होता आणि या देशात त्या दिवशी सगळे लाल टीशर्ट घालतात. घरोघरी एक तरी होताच. फक्त छातीवर चंद्र-तारे छापलेले. सिसिलीत सिंगापूरचे चंद्र-तारे कसे चालतील? तुम्ही हुकूम सोडलात, उलटे घाला. म्हणून आपल्या फौजेतल्या प्रत्येक वीराच्या मानेवर धुण्याच्या सूचनांचं लेबल फडफडत होतं.

आणि मग तो शेवटचा प्रवेश. गणपती तिथीला बसला होता, नाटक शनिवारी होतं, दोन्ही बाजू खूश होत्या. सबंध दक्षिण इटली जिंकून म्हातारा राजाला सामोरा जातो आणि जिंकलेलं सगळं त्याच्या हाती देतो. मी विंगेत वही धरून उभी. संहितेत तुमचं वाक्य होतं, "महाराज, हा देश आपला." तुम्ही साठ्यांचा हात हातात घेतलात, प्रेक्षकांकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "साठेसाहेब, आजपासून हे दोन्ही मंडळांचं एक मंडळ, आणि त्याचे अध्यक्ष तुम्ही." मी वहीत वाक्य शोधत बसले. साठे डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट सावरत माझ्याकडे बघायला लागले, की पुढे काय? पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण निम्म्या लोकांना वाटलं की हे नाटकातच आहे. टाळ्या थांबेपर्यंत तुम्ही रंगमंचावरून खाली उतरून, मेकअपसकट, बसने घरी निघून गेला होतात.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात. काकू म्हणाल्या, "ये, आज तुझीच वाट बघत होते ते." तुम्हाला आठवतंय मी काय काय बोलले? म्हटलं, अध्यक्ष तुम्ही व्हायला हवं होतं. लोक तुमच्याकडे बघून आले, साठ्यांकडे बघून नाही. तुम्ही म्हणालात, म्हणूनच. मी म्हटलं, हे असलं मोठेपण गोष्टीत शोभतं. तुमच्या म्हाताऱ्याचं काय झालं? ज्या राजाच्या सरकारने आधीच त्याचं जन्मगाव फ्रान्सला देऊन टाकून त्याला स्वतःच्या गावी परका केलं, त्याच राजाच्या हाती त्याने अर्धा देश दिला. आणि ज्या दक्षिणेला त्याने मुक्त केलं तिथल्या गरिबांना पुढे काय मिळालं? कर मिळाले, शिपाई मिळाले आणि शेवटी पोटासाठी जहाजात बसून परदेश मिळाला. हे मी महिनाभर वाचून, तुम्हाला कोंडीत पकडायचं म्हणूनच गोळा केलं होतं.

तुम्ही उठून भिंतीवरचं म्हाताऱ्याचं चित्र सरळ केलंत. मला वाटलं, दुखावलं. मग म्हणालात, "हे सगळं खरं आहे. यातलं थोडं त्यालाही दिसत होतं. पण तो खुर्चीवर बसला असता तर ती म्हाताऱ्याची इटली झाली असती. म्हातारा मेला की इटली मेली." मी म्हटलं, आणि साठ्यांनी वाट लावली म्हणजे? तुम्ही म्हणालात, "लावू देत. त्यांची ते निस्तरतील. कल्पना, जहाज सोडताना कप्तान पुढच्या कप्तानाच्या खांद्यावर उभा राहून सुकाणू नाही बघत." मी म्हटलं, हे बोलायला बरं. काकूंनी दोघांपुढे पोहे आदळले आणि म्हणाल्या, इटलीचं नंतर बघा.

त्यानंतर तुम्ही मंडळाच्या एकाही बैठकीला आला नाहीत. गॅलरीत कुंड्यांमध्ये वालाचे वेल लावलेत आणि ते तुमचं बेट झालं. वेल शेजारच्या श्रीमती टॅन यांच्या सायकलवर चढले, तक्रार गेली, नोटीस आली, तुम्ही अर्ध्या कुंड्या श्रीमती टॅनना भेट देऊन टाकल्यात आणि तेव्हापासून वेल दोन्ही घरांचे झाले. मी म्हटलं, तुम्हाला काही धरून ठेवताच येत नाही का हो? तुम्ही म्हणालात, शेंगा दुप्पट आल्या, त्याचं बोल.

मंडळाचं मात्र मला सारखं खटकत राहिलं. साठे लांबलचक भाषणं करायचे, पत्रिकेवर स्वतःचं नाव मोठं छापायचे. मी दर वेळी तुमच्याकडे येऊन कागाळी करायचे. तुम्ही विचारायचात, "गणपती किती बसले यंदा?" मी म्हणायचे, एक. "मग?" एवढंच. मला त्या "मग?"चा असा राग यायचा! आज ते "मग?" ऐकायला मिळावं म्हणून मी साठ्यांचं सबंध भाषण पुन्हा ऐकायला तयार आहे.

हॉस्पिटलमध्येही आपण तेच करत होतो. तुमचा आवाज पार खोल गेला होता, तरी भांडायची हौस शाबूत. तुम्ही मला म्हाताऱ्याच्या अखेरची गोष्ट सांगितलीत, जी आधी कधी सांगितली नव्हती. त्याने लिहून ठेवलं होतं की मला लाल सदऱ्यासकट उघड्यावर, सुगंधी लाकडांच्या चितेवर जाळा. आणि लोकांनी त्याला थाटामाटात पुरून वर भलामोठा दगड ठेवला. "देश एक केला त्याने," तुम्ही म्हणालात, "आणि एवढंसं मागितलेलं दिलं नाही." मग डोळे मिचकावून म्हणालात, "माझ्यावर दगड ठेवू नका म्हणजे झालं. भाषणांचासुद्धा." तुमचं दहन साध्या पद्धतीने झालं, कॅप्टन. त्या बाबतीत तुम्ही तुमच्या म्हाताऱ्याच्या पुढे गेलात. हॉस्पिटलमधल्या त्या दिवशी मी तुम्हाला काहीतरी सांगणार होते. ते असं, की त्या लिफ्टमध्ये तुम्ही "मी विचारतो की" म्हणाला नसतात तर आम्ही वर्षभरात गाशा गुंडाळून परत गेलो असतो. पण नर्स आली, औषधाची वेळ झाली आणि मी उद्या सांगू म्हणून निघाले.

तर शोकसभा. रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले. दोन्ही गटांनी त्यांना बोलावलं होतं. त्या खिडकीशी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मी कुठेच येणार नाही. एक होईल तिथे येईन." आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. मला ते जास्त लागलं. ज्या माणसाने हे जोडलं त्याची बायकोच त्याच्या शोकसभेला नसणार.

घरी आले आणि टॅम्पिनीसच्या सगळ्यांना बोलावलं. सांगितलं, आपला हॉल सोडून द्यायचा आणि गुपचूप यिशुनला जाऊन मागच्या रांगेत बसायचं. एवढी वर्षं मी तुम्हाला "सोडू नका" म्हणून सांगत आले आणि आता स्वतःच सोडत होते, हे माझ्या लक्षात आलं. पण तेव्हा ते कबूल करायला वेळ नव्हता. कुरकुर झाली. कुलकर्णी म्हणाला, साठ्यांना फोन करून कळवू. मी ओरडले, खबरदार! कळवलं की ते दारात उभे राहून "या, या, आलात शेवटी" म्हणणार. त्यांना मिशीवर ताव द्यायची संधी द्यायची नाही. हे सगळ्यांना ताबडतोब पटलं.

आम्ही तीसेक जण पांढरे कपडे घालून एमआरटीने यिशुनला गेलो. वाटेत महेश म्हणाला, कॅप्टन असते तर डब्यात सगळ्यांना रांगेत उभं केलं असतं. हॉलचं दार उघडलं. खुर्च्या नीट मांडलेल्या. तुमचा बिनटोपीचा फोटो, समोर समई, हार. आणि माणूस नाही. कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या सांभाळत साठ्यांच्या सासूबाई तेवढ्या बसलेल्या. आम्हाला पाहून त्या चक्रावल्या. "अहो, तुम्ही इथे कसे? ते सगळे तुमच्याकडे गेलेत टॅम्पिनीसला! न सांगता जाऊन मागे बसायचं म्हणाले, उगाच तुम्हाला टेंभा मिरवायला नको म्हणून."

तेवढ्यात माझा फोन वाजला. साठे. "कल्पनाताई, आम्ही तुमच्या हॉलवर आहोत. कुलूप आहे. तुम्ही सगळे कुठे गेलात?" मी म्हटलं, तुमच्या हॉलवर. मग त्या भारदस्त आवाजातून एक बारीक हुंदका आला, की हसू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका. ते म्हणाले, थांबा, आम्ही परत येतो. मी म्हटलं, छे, आम्हीच येतो. ते म्हणाले, तुम्ही पाहुणे. मी म्हटलं, अध्यक्ष तुम्ही. दोन्हीकडून मागे लोक ओरडायला लागले. शेवटी ईशाने माझ्या हातातून फोन घेतला. "अंकल, मीट हाफवे, कॅन? बिशान. नो नीड फाइट, लाह." आणि फोन ठेवून दिला.

बिशान स्टेशनजवळच्या कॉफीशॉपमध्ये, कॅप्टन, तुमची शोकसभा झाली. साठएक मराठी माणसं पांढऱ्या कपड्यांत, चार टेबलं जोडून एक केलेलं, पंखे घरघरताहेत, शेजारी चिकन राइसची रांग. फोटो नाही, हार नाही. दोन्ही फोटो दोन हॉलमध्ये राहिले होते. काकू टॅक्सीने आल्या. साठ्यांनी उठून त्यांना खुर्ची दिली. चहाकॉफीच्या स्टॉलवरची आंटी एवढी गर्दी पाहून स्वतः टेबलाशी आली आणि तिने काकूंनाच विचारलं, "वा, सो मेनी पीपल! हूज बर्थडे?" काकूंनी शांतपणे तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माय हजबंड्स." ती म्हणाली, "वा, हॅपी बर्थडे, हां!" काकू म्हणाल्या, "थँक यू." आणि मग तुमच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच त्या रडल्या, आणि रडता रडता हसल्या, आणि त्यांच्यासोबत सबंध टेबल.

साठे बोलायला उभे राहिले. आम्ही सवयीने खुर्चीत सरसावून बसलो. ते म्हणाले, "त्यांनी मला अध्यक्ष केलं तेव्हा मला वाटलं होतं, नाटक आहे." एवढंच बोलले आणि खाली बसले. त्यांचं सर्वांत चांगलं भाषण.

त्यानंतर पाच मिनिटांत भांडण पेटलं. कशावरून, तर आधी कुणी माघार घेतली यावरून! यिशुनवाले म्हणतात, आम्ही चारलाच निघालो होतो. आम्ही म्हणतो, आमचं सकाळीच ठरलं होतं. कुलकर्णी एमआरटी कार्डावरची वेळ दाखवायला निघाला. साठे टेबलावर मूठ आपटून म्हणत होते, पहिली माघार यिशुनची, हे मंडळाच्या अहवालात लिहिलं जाईल. चहा सांडला, आंटी फडकं घेऊन आली, एकमेकांच्या ताटातलं खात सगळे तावातावाने भांडत होते. कुणीही उठून दुसऱ्या टेबलावर गेलं नाही.

काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काय गं, गणपती किती बसणार यंदा?" मी म्हटलं, "एकच." त्या म्हणाल्या, "मग?"

हरले, कॅप्टन. सपशेल हरले. तुमच्या तोंडावर हे मी जन्मात कबूल केलं नसतं, म्हणून आत्ता करते.